सहावी पातळी

फलज अल कबाइलला, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
दर गुरुवारी रात्री आम्ही पाच जण बसायचो.
आता चार.
खजुराच्या बिया म्हणजे पिशाच्चं,
चहाचा पालथा कागदी कप म्हणजे बुरूज,
आणि फासे वाजू नयेत म्हणून खाली
शिंप्याने दिलेल्या चिंध्यांची घडी.

माझी भिवरी. योद्धा, पातळी पाच.
भुवईवर व्रण, डाव्या हाताला ढाल,
एका दमात दोन वार.
मागच्या खेपेला ती सहावीत गेली.
आईला फोनवर सांगितलं असतं तर म्हणाली असती,
कुणाची रे मुलगी?

आठवडाभर मी पेन्सिल कानामागे लावून फिरतोय:
योद्धा सहा, की
योद्धा पाच, तिरपी रेघ, जादूगार एक?

शाहुलकडे तक्ता आहे. त्याच्याकडे सगळ्याचाच असतो,
केळ्यांच्या भावाचा, नमाजाच्या वेळांचा,
घरी पाठवायच्या पैशांच्या दराचा.
"म्हापसेकर, सरळ जा.
सहावीत योद्ध्याला दोन गुण मिळतात, ताकदीत टाक.
एक पातळी वाकडी गेली की तिसरा वार
अकरावीचा बारावीत.
आणि तुझ्या बाईची बुद्धी तेरा. काठावर पास."

बरोबर आहे त्याचं.
आमच्या घरी याला एकच वाक्य होतं,
एक ना धड, भाराभर चिंध्या.
ते म्हणणारे वडील पोस्टात होते,
शिवाय घड्याळं दुरुस्त करायचे,
शिवाय दशावतारात संकासुर.

माझ्या रहिवासी कार्डावर पेशाची एकच ओळ. टर्नर.
तिरपी रेघ चालत नाही तिथे.
लेथवर होतो अकरा महिने,
मग स्टोअर, मग क्रेनखाली शिट्टी,
मग नव्या पोरांना फोरमनचं अरबी हिंदीत करून देणं.
कार्ड तीनदा नवं झालं, मी टर्नरच.
याचा भिवरीशी काही संबंध नाही.
असला तरी शाहुलच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

खेळ चालवतो यक्धान. दिवसा बंदरावर, कस्टममध्ये.
तिथल्यासारखंच इथेही
तो नियम सांगत नाही, विचारतो.
"वाचायला कधी शिकली ती?
दोन महिने तुम्ही गुहेत आहात.
शिकवलं कुणी?"

थरंगा उठला, एसीखालची बादली
मोरीत ओतून आला.

मारिव्हिकची एक जादूगारीण होती आमच्यात.
पहाऱ्याला बसली की दिवा लावून पोथी वाचायची, मोठ्याने,
कारण मारिव्हिकला मंत्रांची नावं तोंडात घोळवायला आवडायचं,
दवाखान्याचा निळा गणवेश तसाच अंगावर,
केसांना स्पिरिटचा वास.
करार संपला. मार्चमध्ये ती इलोइलोला गेली.
यक्धानने तिच्या पात्राला मारलं नाही,
गुहेच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर नेऊन सोडलं, उन्हात.
पोथी मागे राहिली. कुणी घ्यायची यावर फासे टाकले.
मला एकोणीस पडले.

तेव्हापासून भिवरीच्या सामानाच्या यादीत
पन्नास हात दोर आणि सुकं मांस यांच्यामध्ये,
माझ्याच अक्षरात:
पोथी एक (वाचता येत नाही).

मी म्हणालो, "पहारा दोघींचा असायचा.
ही ढाल घासायची, ती वाचायची.
कानावर पडत होतं."

"कानावर पडलेलं किती?"

"एक पातळी."

शाहुलने कपाळाला हात लावला
आणि स्वतःचं खोडरबर माझ्याकडे सरकवलं.
पातळीच्या चौकटीत कागद इतका झिजलाय
की खालच्या चिंधीचा लाल रंग दिसतो.
लिहिलं. रेघ जरा जास्तच तिरपी आली.

मग यादीत खाली गेलो.
कंसातला फक्त शेवटचा शब्द खोडला.
वाचता येत
एवढंच राहिलं, उघडं,
पुढे काय लिहावं सुचेना.

"म्हापसेकर, तुझी पाळी," थरंगा म्हणाला.
खजुराची एक बी
बुरुजामागून निघून
भिवरीच्या दिशेने येत होती.